चषक तीन, मान एक



पराक्रमाला बक्षीस देण्याची चाल मनुष्यजातीत फार पुरातन आहे. आणि ज्या वस्तूच्या रूपाने ते बक्षीस दिले जाते ती अस्सल कशाने ठरते, तिच्या चांदीने, तिच्या वयाने की आणखी कशाने, हा प्रश्न त्या चालीच्या पोटातच दडलेला आहे. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रथम आपल्याला आपल्या या अवर्षणाच्या मुलखापासून फार दूर, बर्फाच्या मुलखात, कॅनडा देशात जावे लागेल. तेथे जे पदरात पडेल ते घेऊन मग आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कुस्तीच्या मैदानाकडे वळू, कारण माझ्या बोलण्याचे खरे प्रयोजन तेथे आहे.

१८९२ च्या मार्च महिन्यात, कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर-जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांचे एक पत्र ओटावा शहरातील एका भोजनसमारंभात त्यांच्या सहायकाने वाचून दाखविले. बर्फावरील हॉकीत जो संघ देशात अग्रेसर ठरेल त्याच्याकडे राहावा असा एक फिरता चषक आपण देऊ इच्छितो, असा त्या पत्राचा आशय होता. त्याप्रमाणे लंडनच्या एका पेढीतून दहा गिनी मोजून चांदीचे एक वाडगे खरीदण्यात आले. त्याची उंची सुमारे सव्वासात इंच आणि व्यास सुमारे साडेअकरा इंच. चषकाची व्यवस्था पाहण्यासाठी दोन विश्वस्त नेमले गेले, आणि १८९३ साली माँट्रियलच्या संघाला तो प्रथम देण्यात आला. त्याच वर्षी लॉर्ड स्टॅन्ली यांना विलायतेस परतावे लागले. आपण दिलेल्या चषकासाठी झालेला एकही सामना त्यांना पाहावयास मिळाला नाही.

या वाडग्यावर विजेत्यांनी आपली नावे कोरावीत असा प्रघात पडला, आणि त्याने त्या वस्तूचे सारे स्वरूपच पालटून टाकले. १९०७ साली एका संघाने आपल्या खेळाडूंची नावे वाडग्याच्या आतल्या अंगाला कोरून घेतली. पुढे जागा अपुरी पडू लागली तेव्हा खाली चांदीच्या पट्ट्या जोडण्यात आल्या, आणि पट्टीवर पट्टी चढत जाऊन दहा गिनींच्या त्या वाडग्याचा आज सुमारे ३५ इंच उंचीचा आणि साडेचौतीस पौंड वजनाचा मनोरा झाला आहे. तळाकडील रुंद पट्ट्यांपैकी शेवटची पट्टी नावांनी भरली, की सर्वांत जुनी पट्टी काढून संग्रहालयात जतन करतात आणि खाली नवी, कोरी पट्टी बसवितात. असा हा चषक म्हणजे चांदीवर लिहिलेले, अद्याप बंद न झालेले एक दप्तरच होय.

परंतु धातूलाही आयुष्य असते. सत्तर वर्षांच्या हाताळणीने मूळ वाडग्याची चांदी पातळ आणि ठिसूळ झाली, तेव्हा व्यावसायिक संघांच्या मंडळाचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यांच्या सांगण्यावरून माँट्रियलचे कारागीर कार्ल पीटरसन यांनी १९६३ साली त्या वाडग्याची हुबेहूब नक्कल घडविली. ही गोष्ट प्रथम काही वर्षे गुप्त ठेवण्यात आली होती. ती उघड झाल्यावर यथावकाश मूळ वाडगे टोरोंटो येथील हॉकीच्या संग्रहालयात गेले आणि आज ते एका जुन्या बँकेच्या इमारतीतील तिजोरीच्या खोलीत विसावले आहे. नवे वाडगे नावांच्या पट्ट्यांवर बसविण्यात आले आणि त्याच्या तळाशी संग्रहालयाची मोहोर उमटविण्यात आली. विजयाच्या क्षणी खेळाडू जो उचलतात, आणि नंतर उन्हाळ्यात ज्याला प्रत्येक जण एकेक दिवस आपापल्या गावी नेतो, तो चषक हाच. तो असा गावोगाव हिंडत असताना संग्रहालयात येणाऱ्या प्रेक्षकांची निराशा होऊ नये म्हणून १९९३ साली संपूर्ण चषकाची आणखी एक प्रतिकृती सिद्ध झाली. १९८४ च्या विजेत्यांच्या यादीत संघाच्या मालकाने आपल्या वडिलांचे नाव घुसडले होते, ते पुढे फुल्या मारून खोडण्यात आले; त्या फुल्या फिरत्या चषकावर आजही दिसतात, प्रतिकृतीवर त्या नाहीत, आणि जाणकार मनुष्य या खुणेवरून दोहोंतील भेद ओळखतो.

म्हणजे चषक तीन झाले: एक जपण्याचा, एक देण्याचा आणि एक दाखविण्याचा. तरीही त्या देशात कोणाला आपली फसवणूक झाली असे वाटत नाही, याचे आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या देवळात गाभाऱ्यातील मूळ मूर्ती जागची हलत नाही, पालखीतून मिरवते ती उत्सवमूर्ती; आणि उत्सवमूर्तीपुढे माथा टेकविणाऱ्या भाविकाच्या मनात आपण दुय्यम देवाला नमस्कार केला असा विचार चुकूनही येत नाही, कारण दोहोंमधील नाते उघड असते आणि सर्वांना मान्य असते. नक्कल ही लबाडी ठरते ती अस्सल म्हणून खपविली गेली तरच. जी आपले नक्कलपण लपवीत नाही आणि अस्सलाचा भार आपल्या अंगावर घेते, ती अस्सलाची सेवाच करीत असते.

या सेवेची किंमत ब्राझील देशाला फार उशिरा कळली. फुटबॉलचा विश्वचषक तीनदा जिंकल्यामुळे ज्यूल्स रिमे यांच्या नावाचा सुवर्णमंडित चषक १९७० साली त्या देशाच्या कायमचा हवाली झाला होता. रिओ शहरात तो मूळ चषकच बंदुकीची गोळी न भेदणाऱ्या काचेमागे ठेवलेला होता, परंतु ती काच ज्या पेटीला होती तिची चौकट लाकडी होती. १९८३ च्या डिसेंबरात चोरांनी ती चौकट उचकटून चषक पळविला आणि तो आजतागायत मिळालेला नाही.

आता आपल्या राज्यात येऊ. २ एप्रिल २०११ च्या रात्री मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेत २१ बळी घेऊन गोलंदाजांच्या अग्रभागी असलेला झहीर खान हा आपल्या श्रीरामपूरचा सुपुत्र, हे येथील श्रोत्यांना सांगावयास नको. परंतु त्याच सुमारास मुंबईच्या कस्टम खात्याने विश्वचषकासारखाच एक चषक अडवून ठेवल्याची वार्ता पसरली आणि आपल्या खेळाडूंच्या हाती नक्कल देण्यात आली की काय, अशा शंकेने लोक अस्वस्थ झाले. खुलासा असा झाला, की अडविलेला चषक हा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या दुबई येथील कचेरीत कायम राहणारा, प्रदर्शनासाठी फिरविला जाणारा चषक होता, आणि विजेत्यांना दिलेला चषक हा त्या स्पर्धेसाठी, तिच्या बोधचिन्हासह, मुद्दाम घडविलेला होता. कोणी कोणाला ठकविले नव्हते. मात्र दोन चषकांमधील नाते लोकांना आधी सांगितलेले नव्हते, आणि एवढ्या उणिवेमुळे कोट्यवधी लोकांच्या आनंदाला काही काळ संशयाचा डाग लागला.

कुस्तीतील महाराष्ट्र केसरी या किताबाच्या चांदीच्या गदेची गोष्ट मात्र या सर्वांहून निराळी आहे. १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांनी राज्याच्या कुस्तीगीर परिषदेची स्थापना केली, १९६१ साली दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी झाले, आणि मामासाहेबांच्या स्मरणार्थ विजेत्याला गदा देण्याची परंपरा मोहोळ कुटुंबाने वर्षानुवर्षे चालविली. ही गदा फिरती नाही. जिंकणाऱ्या मल्लाची ती कायमची होते, आणि पुढील वर्षी कारागीर नवी घडवितो. २०२० च्या आरंभी आपल्या अकोले तालुक्यातील हर्षवर्धन सदगीर याने जी गदा खांद्यावर घेतली ती त्याचीच राहिली. आपल्याकडे म्हणूनच मूळ गदा आणि नक्कल गदा असा भेद उद्भवतच नाही. प्रत्येक गदा अस्सलच.

असे असूनही २०२५ साली या जिल्ह्याने एक विलक्षण प्रसंग पाहिला. फेब्रुवारीच्या आरंभी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कमध्ये पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. आणि त्यानंतर दोन महिने उलटण्यापूर्वीच, मार्चअखेर, याच जिल्ह्यातील कर्जत येथे वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाला. कुस्तीचा कारभार दोन संघटनांत विभागला गेल्यामुळे एका जिल्ह्यात, एका हंगामात, एकाच किताबाचे दोन मानकरी झाले. दोन्ही मल्लांनी वर्षानुवर्षे तालमीत गाळलेला घाम खरा, दोन्ही मैदानांतील प्रेक्षकांचा जल्लोष खरा. खोटे त्यात काहीच नव्हते, आणि या प्रसंगाचे दुःखही नेमके त्यातच आहे. कॅनडात चषक तीन असून मान एक राहिला, कारण नावांचे दप्तर एक होते. आपल्याकडे मल्ल अस्सल असून मान दुभंगला, कारण दप्तर दुभंगले. वस्तूचे अस्सलपण धातूत नसून, ती ज्या अखंड आणि सर्वमान्य नोंदीशी बांधलेली असते त्या नोंदीत असते, हे मला या साऱ्या वृत्तांतातून आपल्या निदर्शनास आणावयाचे आहे.

कॅनडातील त्या चषकाच्या इतिहासात यावर उपायही सापडतो. १९१९ साली सिअ‍ॅटल येथे माँट्रियल आणि सिअ‍ॅटल या संघांत अंतिम झुंज चालू असताना, दोघांचे विजय समसमान झाले असता, इन्फ्लुएंझाच्या साथीने खेळाडू अंथरुणास खिळले, मालिका थांबवावी लागली आणि माँट्रियलचा एक खेळाडू त्यात दगावला. त्या वर्षी चषक कोणालाच मिळाला नाही. पुढे त्या वर्षाची नोंद कोरताना कोणा एका संघाला झुकते माप न देता, दोन्ही संघांची नावे लिहून खाली मालिका अपुरी राहिल्याचे नमूद करण्यात आले. मालक आणि खेळाडू यांच्यातील तंट्यामुळे २००५ साली हंगामच झाला नाही, तर त्या वर्षासमोर तेवढेच कोरले गेले.

आपल्या शाळाशाळांत फिरत्या ढाली असतात आणि त्यांवरील पितळी पट्ट्यांवर जुन्या विजेत्यांची नावे असतात. हीच पद्धत महाराष्ट्र केसरीला लावता येईल. मल्लाला मिळणारी गदा त्याचीच राहावी, तिला कोणी हात लावू नये. परंतु तिच्या जोडीला एक कायमची गदा असावी, जी कोणालाही दिली जाणार नाही, जी सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी राहील, आणि जिच्यावर १९६१ च्या दिनकर दह्यारींपासून क्रमाने प्रत्येक वर्ष आणि प्रत्येक नाव कोरलेले असेल. साथीमुळे २०२१ साली स्पर्धा झाली नाही, ते वर्षही तिने रिकामे म्हणून दाखवावे. आणि २०२५ समोर अहिल्यानगर व कर्जत ही दोन्ही स्थळे, पृथ्वीराज मोहोळ व वेताळ शेळके ही दोन्ही नावे, एका ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत कोरावीत. दोन्ही संघटनांच्या धुरीणांना माझी विनंती आहे, की त्यांनी या एका नोंदीपुरते तरी एका बैठकीवर यावे. त्यासाठी या जिल्ह्याइतके योग्य स्थान दुसरे नाही, कारण दोन्ही मल्लांचा गौरव येथील लोकांनी केला आहे आणि दोघांवरही त्यांचा हक्क आहे.