तार कुठं तुटली?

श्रोतेहो, आज मी इलेक्ट्रिक गिटारीविषयी बोलणार आहे असे म्हटले, तर आपल्यापैकी कोणी म्हणेल, "आमच्याकडे टाळ-मृदंग, फार तर पेटी. ह्या गिटारीशी आमचा काय संबंध?" पण गणेशोत्सवात, हळदीला, शाळेच्या संमेलनात जो ऑर्केस्ट्रा येतो, त्यात ती बहुधा असतेच, आणि ती वाजवणारा पोरगा पुष्कळदा आपल्याच शाळेतून गेलेला असतो. म्हणून हे चार शब्द.

आमच्या कॉलेजच्या संमेलनात असाच एक विद्यार्थी वाजवणार होता. कार्यक्रमाआधी त्याची सर्वांत बारीक तार तुटली. त्याने दुसरी चढवली, तासाभरात तीही गेली. तिसरी जवळ नव्हती. मी चारचौघांत त्याला म्हणालो, "अरे, तुझा हात जड आहे, आणि कानही कच्चा. हे तुझं काम नव्हे." तो काही बोलला नाही. वाद्य त्याने पिशवीत घातले, ते पुढे दोन महिने बाहेर काढले नाही.

नंतर पेटी दुरुस्त करायला म्हणून मी एका जुन्या कारागिराकडे गेलो, तेव्हा सहज ही गोष्ट निघाली. त्यांनी एवढेच विचारले, "तार तुटली कुठं?" मला ते ठाऊक नव्हते, मी पाहिलेच नव्हते. मुलाने मात्र दोन्ही तुकडे जपून ठेवले होते. मी त्याला वाद्यासह बोलावून घेतले. तुकडे शेजारी शेजारी ठेवले, तर दोन्ही तारा एकाच जागी, अगदी घोडीजवळ तुटलेल्या. कारागीर म्हणाले, "एकाच जागी दोनदा तुटते, म्हणजे तिथं तिला काहीतरी टोचतंय."

आणि तसेच निघाले. इलेक्ट्रिक गिटारीच्या घोडीवर प्रत्येक तारेखाली धातूचा एक छोटा ठोकळा असतो, त्याला वादक सॅडल म्हणतात. त्याच्या कडेला केसाएवढी कंगोरी आली होती. अगदी बारीक पॉलिश कागदाने ती हलक्या हाताने घासली. पाच मिनिटांचे काम!

तेव्हा पहिला नियम हा: तुटलेली तार फेकू नका, ती कुठे तुटली ते आधी पाहा. घोडीपाशी तुटली तर सॅडलची धार पाहा. खुंटीपाशी तुटली तर खुंटीच्या भोकाची कड पाहा. मध्येच तुटली, तर तारेला गंज चढला आहे का, आणि पडद्यांना खाचा पडल्या आहेत का, ते पाहा. घामाचा हात लागून तारा गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसल्या, की त्यांचे आयुष्य वाढते.

तुटण्याचे दुसरे कारण पट्टी. साधारण पाव मिलिमीटर जाडीची पहिली तार आपल्या स्वरात असते, तेव्हा तिच्यावर सुमारे सव्वासात किलो ओढ असते. सहाही तारांची मिळून पंचेचाळीस किलोंच्या आसपास. म्हणजे जवळजवळ अर्धे पोते! आता गायकाला वरची पट्टी हवी म्हणून तार दोन अर्धस्वर चढवली, तर ओढ किती वाढेल? आठव्या हिश्श्याने नव्हे, चौथ्या हिश्श्याहूनही जास्त, म्हणजे २६ टक्के. कंपनसंख्या ही ओढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. फ्रान्समधील मेर्सेन या धर्मोपदेशकाने तारांचे हे नियम १६३६ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. शिक्षकमित्रांना हा नियम वर्गात एका तारेवर सहज दाखवता येईल.

काहीजण म्हणतात, मग जाड तार लावू. त्याने हा प्रश्न सुटत नाही. जाड तार मजबूत खरी, पण जडही तितकीच. तोच स्वर काढायला तिला त्याच प्रमाणात जास्त ओढावे लागते. उपाय साधा आहे: तारा आपल्या जागी राहू द्याव्यात आणि मानेवर कॅपो नावाचा चिमटा दुसऱ्या पडद्याशी लावावा. पट्टी चढते, ओढ जवळजवळ तेवढीच राहते.

आता स्वर उतरण्याविषयी. नवी तार चढवली की ती काही वेळ उतरतच राहते. तिचे वेढे बसायचे असतात. बोटाने तार हलकेच वर उचलावी, पुन्हा जुळवावी. असे तीन-चार वेळा केले की ती ठरते. खुंटीवर बारीक तारेचे दोन-तीन वेढे पुरेत, आणि ते एकाखाली एक यावेत. गुंता करून दहा वेढे दिले, तर ते सरकत राहणार. आणि स्वर नेहमी खालून वर आणावा. तार जास्त चढली, तर ती स्वराच्या खाली सोडून पुन्हा वर यावे, म्हणजे खुंटीत ढिलेपणा राहत नाही.

खुंटी पिळताना 'टिक्' असा आवाज होऊन स्वर एकदम उडी मारतो का? मग तार अडकते आहे. मानेच्या टोकाला खाचांची पट्टी असते, तिला नट म्हणतात. तिच्या खाचेत तार रुतलेली असते. आपल्या दप्तरातली शिसपेन्सिल घ्या, तिचे शिसे त्या खाचेत घासा. तार सरकू लागते. तरीही अडकली, तर खाच तारेपेक्षा अरुंद आहे. ते काम कारागिराचे.

काही गिटारींना दांडी असते, ती दाबली की घोडीच हलते. तिथे तारांची ओढ आणि मागच्या स्प्रिंगा यांचा तोल असतो. एक तार चढवली की बाकीच्या उतरतात. एक तुटली की बाकीच्या चढतात. अशा वाद्याला सहाही तारा दोन-तीनदा फिरून जुळवाव्या लागतात. यात वाजवणाऱ्याचा दोष नाही.

मोबाइलवर स्वर दाखवणारी सोय आता फुकट मिळते. पण साथीला पेटी असेल, तर पेटीशीच जुळवा. पेटी काही मंचावर चढवता-उतरवता येत नाही. शिवाय मंचावरच्या दिव्यांनी तार तापते, लांबते आणि उतरते. म्हणून वाद्य थोडा वेळ मंचावर राहू द्यावे, मगच जुळवावे. आणि तार काढताना ती आधी पुरती सैल करावी. ताणलेली तार कापली, तर डोळ्याला इजा होऊ शकते.

तो विद्यार्थी आता पुन्हा वाजवतो. मी त्याची माफी मागितली, तेव्हा तो म्हणाला, "सर, तुम्ही म्हणालात म्हणून मलाही खरंच वाटलं होतं." हे वाक्य मला अजून टोचते. वर्गात एखाद्याचे अक्षर वाकडे येते, कुणाचे गणित चुकते, कुणाचा सूर हलतो. आपण लगेच हात नि कान यांना बोल लावतो. तसे म्हणण्याआधी, श्रोतेहो, निब, पाटी, वाद्य एकदा हातात घेऊन पाहावे. आणि तार नेमकी कुठे तुटली, ते विचारावे.