विनाचौकशी स्थानबद्धता आणि वकिलाचा प्रश्न



युद्ध पेटले की आरोपपत्र, साक्षीपुरावा आणि शिक्षा यांवाचूनही माणसाला तुरुंगात ठेवण्याचा अधिकार सरकारे आपल्याकडे घेतात. अशा स्थानबद्धाच्या वकिलापुढे मोठाच पेच असतो. आरोपच नाही, तेव्हा निर्दोषत्व सिद्ध करायचे कशाचे? त्याच्या हाती एकच प्रश्न उरतो : या संशयाला आधार काय?

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १८-ब या नियमाखाली १९४० साली रॉबर्ट लिव्हरसिज यांना स्थानबद्ध करण्यात आले. गृहमंत्री होते सर जॉन अँडरसन, बंगालचे माजी गव्हर्नर. गृहमंत्र्यांजवळ 'वाजवी कारण' असले पाहिजे, अशी नियमातच अट होती. ते कारण उघड करावे, अशी मागणी लिव्हरसिज यांच्या वतीने डी. एन. प्रिट यांनी केली. नोव्हेंबर १९४१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ती चार विरुद्ध एक मतांनी फेटाळली. मंत्र्यांना प्रामाणिकपणे तसे वाटले, एवढे बहुमताला पुरेसे झाले. एकट्या लॉर्ड ॲटकिन यांनी विरोधी निकालपत्र लिहिले.

हिंदुस्थानातही शब्दांचाच वाद उभा राहिला. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्यात 'वाजवी संशय' अभिप्रेत होता. त्याखालील २६ व्या नियमाला मात्र सरकारची खात्री तेवढी पुरत होती. मुंबई प्रांतातील केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने २२ एप्रिल १९४३ रोजी हा नियम कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरविला. सरन्यायाधीश होते सर मॉरिस ग्वायर. परंतु आठवड्याच्या आतच व्हाइसरॉयांनी वटहुकूम काढून ती उणीव पूर्वलक्षी प्रभावाने भरून काढली. पुढे १९४५ साली प्रिव्ही कौन्सिलनेही तळपदे प्रकरणातील निर्णय चुकीचा ठरविला.

मग या युक्तिवादांचे फलित काय? १९७६ साली आणीबाणीतील स्थानबद्धांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडली गेली, तेव्हा वि. म. तारकुंडे हे त्यांच्या वकिलांपैकी एक होते. तेथेही निकाल चार विरुद्ध एक असा विरुद्धच गेला. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते; विरोधी मत न्या. ह. रा. खन्ना यांचे होते. मात्र १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची न्यायालयीन दाद आणीबाणीतही स्थगित करता येऊ नये, अशी तरतूद केली. लिव्हरसिज प्रकरणातील बहुमत चुकले होते, असे १९७९ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्येच लॉर्ड डिप्लॉक यांनी म्हटले. आणि २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा निर्णय रद्दबातल ठरविला. त्यातील एक प्रमुख निकालपत्र यशवंतरावांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे होते.

तुरुंगात गेलेली वर्षे या उशिराच्या न्यायाने कोणालाही परत मिळाली नाहीत, हे विसरता येत नाही. तरीही हरलेले युक्तिवाद आणि एकाकी निकालपत्रे छापली गेली, जपली गेली, म्हणूनच पुढच्या पिढीतील वकिलांना ती न्यायासनापुढे पुन्हा ठेवता आली. ग्रंथ जतन करणाऱ्या संस्थेचे मोल यापरते आणखी काय सांगावे?