कपाटाची किल्ली

(व्याख्यानमालेचे पाचवे पुष्प. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



पत्रिकेत विषय छापलाय, ‘एस. ई. हिंटन : कुमारांची कादंबरीकार’. कुमार साहित्य म्हणजे काय, ते बालसाहित्याहून वेगळं कसं, हे याच व्यासपीठावरून आपण ऐकलेलं आहे. फास्टर फेणे तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, केस पांढरे झालेल्यांना जरा जास्तच. (हशा) तेव्हा ते सगळं सोडते आणि थेट टल्साला जाते.

टल्सा म्हणजे अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं, तेलाच्या पैशावर वाढलेलं शहर. सुझन एलॉइज हिंटन १९४८ साली तिथं जन्मली. तिच्या शाळेत पोरांचे दोन तट. केसांना तेल चोपडणारे, गरीब वस्तीतले ते ग्रीझर आणि मोटारी उडवणारे, पैसेवाल्यांचे ते सोश. तिचा एक मित्र सिनेमा बघून पायी घरी चालला होता. त्याला वाटेत धरून मारलं. सुझनला इतका संताप आला की ती लिहायलाच बसली. वय पंधरा. बरंचसं लिखाण झालं सोळाव्या वर्षी, आणि त्याच वर्षी शाळेत सर्जनशील लेखनात तिला ‘डी’ श्रेणी मिळाली. (हशा) मला यावर हसू येत नाही. मीही शाळेत एकतीस वर्षं काढलीत. आपल्या वर्गात कोण काय लिहीत बसलंय हे आपल्याला कधी कळतं का?

‘द आउटसायडर्स’ १९६७ साली व्हायकिंगनं छापली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. नाव छापलं एस. ई. हिंटन. मुलीनं लिहिलेली टोळ्यांच्या मारामारीची गोष्ट परीक्षक मनावर घेणार नाहीत, ही प्रकाशकांची धास्ती.

गोष्ट चौदा वर्षांच्या पोनीबॉयची. आईवडील मोटार अपघातात गेले. वीस वर्षांचा थोरला भाऊ डॅरी राबून घर चालवतो. घरात काही बिनसलं तर सरकार धाकट्यांना वेगळं काढणार, ही टांगती तलवार. पुढं खून होतो, पोरं पळतात, एका ओसाड चर्चमध्ये लपतात, तिथं आग लागते. ते तुम्ही वाचा. मला त्यातला नाश्ता सांगायचाय. हे तिघे भाऊ सकाळी अंड्यांबरोबर चॉकलेट केक खातात. आईनं तो कधी खाऊ दिला नसता. डॅरीला मात्र धाकट्यांनी पटवलंय. आई नसलेलं घर त्या एका केकमध्ये दिसतं. चाळिशीचा लेखक तिथं रडगाणं लावेल. सोळा वर्षांच्या पोरीला ठाऊक होतं की पोरं आधी केक खातात, रडतात मागाहून. मराठी कथांतला आपला लंपन मला फार लाडका आहे, पण तो मोठ्या माणसानं मागं वळून पाहिलेला मुलगा. हिंटन मागं वळली नव्हती, ती त्याच वर्गात बसलेली होती.

आता माझ्या खऱ्या बोलण्याकडे येते. हे पुस्तक सुरुवातीला फारसं खपलं नाही. औषधाच्या दुकानातल्या स्वस्त पुस्तकांच्या मांडणीवर ते पडून होतं. मग प्रकाशकांच्या ध्यानात आलं की मागणी येतेय ती शाळांतून. म्हणजे कुणीतरी कपाट उघडत होतं.

इथं मला आमच्या शाळेचं सांगावं लागेल, दोनच मिनिटं. ग्रंथालय म्हणजे व्हरांड्याच्या टोकाला काचेची दोन कपाटं. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, पाठीवर शाईनं दाखलअंक. नाव दिसत नाही, चित्र दिसत नाही. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात आणि खणाची किल्ली त्यांच्या खिशात. आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत रोज काचेला नाक लावून उभा राहायचा. काचेवर नाकाचा डाग पडायचा आणि मी तो रोज पुसायची. पुसायची! एक दिवस विचारलं, काय बघतोस रे? म्हणाला, “बाई, त्या चारशे बारा नंबरात काय आहे?” चारशे बारा म्हणजे भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न. मी किल्ली मागायला गेले. सर म्हणाले, हरवलं तर भरपाई तुमच्या पगारातून. म्हटलं, कापा. तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं ते कव्हराशिवाय. मी रागावले, तर म्हणतो, “बाई, चित्र दिसत नव्हतं, पोरांना कसं दाखवू?” त्या दिवाळीच्या सुट्टीत मी दोन्ही कपाटांतली कव्हरं काढून टाकली. (टाळ्या)

असंच एक कपाट कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळच्या लोन स्टार शाळेत उघडलं. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी पाहिलं, एरवी पुस्तकाला हात न लावणारी पोरंही ‘द आउटसायडर्स’ची प्रत एकमेकांच्या हातातून ओढून घेतायत. १९८० साली बाईंनी आणि मुलांनी मिळून ‘गॉडफादर’वाल्या फ्रान्सिस फोर्ड कपोलांना पत्र धाडलं, यावर सिनेमा करा म्हणून. सोबत शंभरावर मुलांच्या सह्या आणि पुस्तकाची एक प्रत. पत्ता घातला न्यूयॉर्कचा, खरं तर जायला हवं होतं हॉलिवूडला. पण त्या दिवसांत कपोला नेमके न्यूयॉर्कला होते! १९८३ साली सिनेमा आला, चित्रीकरण टल्सातच झालं. टॉम क्रूझ, पॅट्रिक स्वेझी, मॅट डिलन ही तेव्हाची तरुण मंडळी त्यात आहेत. आणि सिनेमा अर्पण केलाय त्या शाळेच्या ग्रंथपालांना आणि मुलांना.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. बाकीचं धावत सांगते. पहिल्या पुस्तकानंतर हिंटनची लेखणी तीनेक वर्षं अडली. होणारा नवरा म्हणाला, रोज दोन पानं लिहिल्याशिवाय फिरायला जायचं नाही. तशी १९७१ची ‘दॅट वॉज देन, धिस इज नाऊ’ झाली. मग १९७५ला ‘रंबल फिश’, १९७९ला ‘टेक्स’, १९८८ला ‘टेमिंग द स्टार रनर’. काही शाळांनी ‘द आउटसायडर्स’ बादही केली, त्यात पोरं सिगारेटी ओढतात म्हणून. १९८८ सालीच कुमार साहित्यासाठीचा मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार सुरू झाला, तो पहिला हिंटनला. या एडवर्ड्सबाई कोण? बाल्टिमोरच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल. घोडागाडीत पुस्तकं भरून वस्त्यांमध्ये न्यायच्या.

आता शेवटचं, कुणाला राग आला तरी बोलणार. या सभागृहाच्या खालीच आपलं वाचनालय आहे. त्याचा मुलांचा विभाग बंद होतो साडेपाचला आणि समोरची शाळा सुटते पावणेसहाला. आज येताना मी पाहिलं, दाराला कुलूप आणि पायरीवर तीन मुली दप्तरं घेऊन बसलेल्या.

(पहिल्या रांगेतून : माणूस मिळत नाही, बाई. अनुदान किती येतं ते तुम्हाला माहीत आहे.)

माहीत आहे. तुम्ही किती ओढाताण करून हे चालवता तेही माहीत आहे, म्हणून पगार मागत नाही. साडेपाच ते सात मी बसते, सोमवारपासून. किल्ली आत्ता जाताना द्या.