पुरे कोण म्हणणार?

(पाथरी येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

माझ्या आधीच्या मैत्रिणी रेशनबद्दल बोलल्या, थकलेल्या मजुरीबद्दल बोलल्या, घरातल्या मारहाणीबद्दल बोलल्या. त्यानंतर मी उभी राहून गाण्यांबद्दल बोलणार, म्हणजे तुम्हाला वाटेल, हिला काय झालं? संयोजक मैत्रिणींनाही तसंच वाटलं होतं. एक तर सरळ म्हणाली, "ताई, करमणुकीचा कार्यक्रम जेवणानंतर आहे." तिला जे उत्तर दिलं, तेच आज जरा सविस्तर सांगते.

आम्ही पाथरीतल्या नऊ जणी. दोघी शिक्षिका, एक अंगणवाडी सेविका, एक शिवणकाम करणारी, दोघी शेतमजूर, बाकीच्या घर सांभाळणाऱ्या. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर आम्ही ठरवलं की ज्या ध्वनिमुद्रिकांची नावं आपण जन्मभर ऐकली, पण ज्या कधी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या नाहीत, त्या आता ऐकायच्या. दर पंधरवड्याला एक. आणि ऐकून झालं की दहापैकी मार्क द्यायचे. लग्नसराईत आणि कापूस वेचणीच्या दिवसांत खाडे पडले, तरी वर्षात अठरा झाल्या.

हे माझ्या डोक्यात कुठून आलं, ते आधी सांगते. माझं माहेर मानवत. १९८२ साली मला पाहायला पाहुणे आले. चालून दाखव, सुईत दोरा ओव, चार ओळी लिही, हे सगळं झालं. मग गाणं म्हणायला सांगितलं. मी एक भावगीत बसवलं होतं, तीन कडव्यांचं. पहिलं कडवं संपायच्या आत समोरून आवाज आला, "पुरे. आवाज बरा आहे." मी पास झाले. पण ते गाणं तिथंच अडकलं. नंतर घरात, शाळेत, हळदीकुंकवात किती वेळा गायले असेन. ते गाणं मात्र पुन्हा ओठावर आलं नाही.

आता तुम्हीच आठवून पाहा. आपण गाणं ऐकतो कसं? भाकरी थापताना परभणी आकाशवाणीवर लागलेलं, शेजारच्या लग्नात कर्ण्यावरून आलेलं, एस.टी.त ड्रायव्हरनं लावलेलं. निम्मं ऐकलं की कुकरची शिट्टी होते, मूल रडतं, सासूबाई हाक मारतात. जुन्या तबकडीत तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं. पुढे मोठी तबकडी आली, तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. मग कॅसेट आली. दुकानातून आवडीची गाणी भरून आणायची, आणि ती आवड बहुतेक वेळा नवऱ्याची किंवा दिराची असायची. वस्तू बदलत गेल्या, पण आपलं ऐकणं तुकड्यातुकड्यांचंच राहिलं. आता सगळं मोबाइलवर आहे. तरी सलग चाळीस मिनिटं बाईची कुठं आहेत?

म्हणून आम्ही नियम केले. पहिला: गाणी मूळ तबकडीच्या क्रमानं ऐकायची, मधलं गाळायचं नाही. दुसरा: एक बाजू संपली की चहा, मग दुसरी बाजू. चहा आधीच थर्मासमध्ये करून ठेवायचा, म्हणजे जिच्या घरी बैठक ती स्वयंपाकघरात अडकणार नाही. तिसरा: ऐकताना हात रिकामे.

हा तिसरा नियम सगळ्यांत अवघड गेला. पहिल्या दिवशी तिघी जणी निवडायला काहीतरी घेऊनच आल्या होत्या. एकीकडे मेथी, एकीकडे तूर, एकीकडे लोकरीचं विणकाम. ते बाजूला ठेवायला सांगितलं, तर हातांचं काय करावं ते कळेना. एक म्हणाली, "नुसतं बसलं की चोरी केल्यासारखं वाटतं." मैत्रिणींनो, हे वाक्य लक्षात ठेवा. कष्ट करणाऱ्या बाईला रिकामं बसणं चोरी वाटतं, आणि पारावर दिवसभर बसणाऱ्याला ते कधी वाटत नाही.

पहिली निवड गीतरामायणाची. ते सर्वांना माहीत, आणि सलग कुणीच ऐकलेलं नाही. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीनं ते वर्षभर, आठवड्याला एक गाणं असं प्रसारित केलं. तेव्हा आपली पाथरी हैदराबाद राज्यात होती. एकूण छप्पन्न गाणी. आम्हाला चार बैठका लागल्या.

मार्कांच्या चिठ्ठ्या उघडल्या तर नऊच्या नऊ दहा! सगळ्या हसल्या, पण मला ते खटकलं. इतकं एकमत खरं नसतं. थोरामोठ्यांच्या कामाला मार्क देणारे आपण कोण, ही भीती त्यामागे होती. मग ठरलं की पुन्हा द्यायचे, आणि कारण सांगायचं. आमच्या शेतमजूर काकूंना लिहिता येत नाही. त्यांच्या सोयीसाठी चिठ्ठीऐवजी ज्वारीचे दाणे ठेवले. जितके मार्क तितके दाणे वाटीत टाकायचे. या खेपेला तीन दहा आले, बाकीचे सहा ते आठ, आणि एका वाटीत चारच दाणे.

चार दाणे काकूंचे होते. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "गळा गोड आहे, बोल गोड आहेत. पण सीतेचं दुखणं बाप्याच्या तोंडून का? तिला तोंड नव्हतं का?"

आम्ही गप्प झालो. मग माहिती काढली. रेडिओवर मूळ मालिकेत अनेक गायक-गायिका होते. सीतेची गाणी माणिक वर्मांनी गायली होती. लता मंगेशकर, ललिता फडके, मालती पांडे यांचेही आवाज त्यात होते. पुढे दहा तबकड्यांचा संच निघाला, तो मात्र एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजात, आणि तोच घराघरात पोचला. फडक्यांचं गाणं कमी प्रतीचं आहे असं मी म्हणत नाही. पण बाईचा आवाज मुळात होता आणि आपल्यापर्यंत आला नाही, हे अक्षर न ओळखणाऱ्या काकूंच्या कानानं पकडलं. आम्ही शिकलेल्या दहा देऊन मोकळ्या झालो होतो.

याचे पडसादही उमटले. एका मैत्रिणीच्या घरी विचारणा झाली, "रामाला चार मार्क देता काय?" तिनं सांगून पाहिलं की मार्क रामाला नाहीत, रेकॉर्डीला आहेत. उपयोग झाला नाही. ती पुढच्या बैठकीला आली नाही, त्यानंतरही नाही. नऊच्या आम्ही आठ झालो. तिची वाटी अजून ठेवतो.

नंतर किशोरी आमोणकर. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. शास्त्रीय गाणं आपलं नाही, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. मार्क दोनपासून दहापर्यंत पडले. दोन देणारी म्हणाली, "एकच ओळ किती वेळ घोळवायची?" तिचंही ऐकून घेतलं. आणि दहा देणारी कोण, तर शिवणकाम करणारी, जी भूप सुरू असताना चक्क झोपली होती! आम्ही तिला चिडवलं. ती म्हणाली, "दुपारची झोपून मला चार वर्षं झाली. या बाईनं झोपवलं. दहाच्या वर असते तर तेही दिले असते."

किशोरीताईंबद्दल आम्ही वाचलं. त्यांची आई मोगूबाई कुर्डीकर, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. वडील किशोरीताईंच्या लहानपणीच गेले. आईनं एकटीनं, गाण्यावर, तीन मुलं वाढवली. दौऱ्यावर आईला मिळणारी हलकी वागणूक, कसाबसा प्रवास, कसंबसं राहणं, हे मुलीनं शेजारी बसून पाहिलं. पंचविशीच्या सुमारास किशोरीताईंचा स्वतःचा आवाज गेला, दोनेक वर्षं गाता आलं नाही. पुढे मोठ्या झाल्यावर त्यांनी मान, मानधन आणि श्रोत्यांची शांतता या गोष्टी हट्टानं मागितल्या, तर लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणू लागले. पुरुष कलावंतानं असं वागलं की तो मनस्वी, बाईनं वागलं की ती तऱ्हेवाईक. हे आपल्या ओळखीचंच आहे.

बेगम अख्तर आमच्या आपांनी आणल्या. आपा म्हणजे बैठकीतल्या दुसऱ्या शिक्षिका, उर्दू शिकवतात. गझल लावण्याआधी त्यांनी गोष्ट सांगितली. अख्तरीबाई फैजाबादी या नावानं गाजलेल्या या गायिकेनं १९४५ साली एका बॅरिस्टरशी लग्न केलं आणि गाणं बंद झालं. घरंदाज घरात गाणारी बाई कशी चालेल? पुढे त्या इतक्या आजारी पडल्या की गाणं हाच उपाय आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. १९४९ मध्ये लखनौ रेडिओवरून त्या पुन्हा गायल्या, बेगम अख्तर हे नाव घेऊन. त्या दिवशी आठापैकी पाचजणींना शब्द नीट कळले नाहीत, आपा थांबवून अर्थ सांगत होत्या. नियम मोडला, पण तो मोडायलाच हवा होता. सरासरी आठच्या वर गेली.

ऐकता ऐकता आम्हाला आणखी एक गोष्ट उमगली. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ साली, कलकत्त्यात. तेव्हा गायल्या गौहरजान. तबकड्या छापायला जर्मनीला जायच्या, तिथं ओळख पटावी म्हणून गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव ठणकावून सांगायच्या. घरंदाज म्हणवणाऱ्या बायका तेव्हा यंत्रासमोर गात नव्हत्या, त्यांना गाऊच दिलं जात नव्हतं. पुढे आल्या त्या गाणं हाच ज्यांचा व्यवसाय होता, त्या बायका. समाजानं ज्यांना नावं ठेवली त्यांनीच आपल्यासाठी ही वाट पाडली. आमच्यातल्या दोघींनी लावणी कधी ऐकलीच नव्हती, कारण 'चांगल्या' घरात ती ऐकत नाहीत. सुलोचना चव्हाणांच्या लावण्या ऐकल्या तेव्हा दार लावून घेतलं होतं. अर्ध्यात एकीनं उठून ते उघडलं.

शेवटी काकू म्हणाल्या, "तुमची यादी झाली. आता माझं लावा." त्यांना हव्या होत्या जात्यावरच्या ओव्या. आपण म्हणू, त्यांची कुठं तबकडी असते? पण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुढाकार घेऊन महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांत, तीन हजारांहून जास्त बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित आहेत. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या कुणालाही ऐकता येतात. आणि त्यांत गोदावरीपल्याडचं आपलं माजलगावही आहे! तिथल्या भीमनगरातल्या बायकांनी १९९६ मध्ये बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आम्ही ऐकल्या.

इथं मोठा वाद झाला. अंगणवाडी ताई म्हणाल्या, "याला मार्क नकोत, हे तर आपलंच आहे." काकू भडकल्या. "लताबाईला मार्क, किशोरीबाईला मार्क, आणि आम्हाला नुसतं कौतुक? आमच्या गाण्याला तोलायची लायकी नाही का?" त्यांनी स्वतः सात दिले आणि कारण सांगितलं: एका ओवीत मागे ओढणाऱ्या बाईनं सूर सोडला होता. ऐन शेतीच्या कामात चाळीस वर्षं ओव्या गायलेला कान होता तो. कौतुक करून बाजूला ठेवणं हीही एक उपेक्षा असते, हे त्या दिवशी मी शिकले.

तर मैत्रिणींनो, हा चळवळीचा विषय आहे का? आपलं मत विचारलं जात नाही, ही आपली जुनी तक्रार आहे. ग्रामसभेत विचारत नाहीत, घर बांधताना विचारत नाहीत, मुलीचं लग्न ठरवताना विचारत नाहीत. पण मत असायला सवय लागते. समोरची गोष्ट पूर्ण ऐकायची, घाईनं हो म्हणायचं नाही, आपल्याला काय वाटलं ते आकड्यात सांगायचं आणि कारण द्यायचं. वर्षभरात ही सवय आम्हाला थोडी लागली. काकू मागच्या ग्रामसभेत पाण्याच्या कामाला दहापैकी तीन म्हणाल्या, आणि कारणंही तीन सांगितली.

गेल्या बैठकीत मैत्रिणींनी मला धरलं. ते १९८२ चं गाणं म्हण, पूर्ण म्हण. म्हटलं. तिसऱ्या कडव्याचे शब्द अर्धे विसरले होते, श्वास पुरत नव्हता, आवाजही आता फाटला आहे. तरी शेवटपर्यंत गेले. वाटीतले दाणे मोजले, सरासरी पाच भरली. चाळीस वर्षांपूर्वी पास झाले होते, तेव्हा घरी येऊन रडले होते. या पाचांवर मात्र पोट धरून हसले, कारण मधे कुणी पुरे म्हटलं नव्हतं.

तुमच्या गल्लीत हे करून पाहा. पाच-सात जणी, एक मोबाइल, थर्मासभर चहा आणि मूठभर ज्वारी, एवढंच लागतं. आणि येताना मेथी निवडायला आणू नका.