गोटीची ओळख आणि गोटीचे नाव



जबलपूरच्या ग्वारीघाटावर ज्यांचे जाणेयेणे आहे, त्यांना नर्मदेच्या गोट्याची ओळख करून द्यावयास नको. कोरड्या मनाच्या माणसाला मराठीत ‘नर्मदेतला गोटा’ म्हणतात, तो हाच. ह्या ‘गोटा’ शब्दाचेच लहान रूप म्हणजे ‘गोटी’. जबलपूरची मुले मात्र हिंदीत तिला ‘कंचा’ म्हणतात व त्या शब्दात काच ऐकू येते. इंग्रजीत तिचे नाव ‘मार्बल’, म्हणजे संगमरवर. ह्याच नदीवर थोडे खाली, भेडाघाटाला, ज्याचे उंच कडे उभे आहेत तो दगड. वस्तू एकच; पण एका भाषेने तिचा आकार पाहिला, दुसरीने द्रव्य पाहिले, आणि तिसरीने तिच्या पूर्वजांचे द्रव्य लक्षात ठेवले. तेव्हा नाव ऐकले म्हणजे वस्तू ओळखली, असे समजता येत नाही. जुन्या काचेच्या गोट्यांच्या संग्राहकास हाच पाठ प्रथम गिरवावा लागतो.

प्रारंभी दगड आणि काच ह्यांत भेद करावा. नर्मदेच्या वाळूगोट्यांत अकीक सापडतो. जर्मनीतील इडार-ओबरस्टाइन येथील कारागीर अकीक घासून त्याच्या गोट्या करीत. हाताने घासलेल्या अशा गोटीवर भिंगातून पाहिले असता लहान लहान सपाट पैलू दिसतात, आणि दगडाच्या अंगचे थर एकावर एक उमटलेले असतात. काचेत हवेचे बुडबुडे राहू शकतात. अकीकात ते नसतात. अमेरिकेतील एका मोठ्या कारखान्याचे नाव ‘ॲक्रो ॲगेट’ होते. ‘ॲगेट’ म्हणजे अकीक. परंतु 1951 साली बंद पडलेल्या ह्या कारखान्याच्या गोट्या होत्या काचेच्या. नावावर विसंबणारा येथेच फसतो.

काचेच्या गोट्यांत दुसरा भेद हात आणि यंत्र ह्यांचा. जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील लाउशा हे काचकामाचे जुने गाव. तेथे 1846 च्या सुमारास गोट्यांसाठी एक खास कात्री प्रचारात आली. तिच्या एका टोकास वाटीसारखा साचा असे. रंगीत काचेचे दोर एकत्र वितळवून, पीळ देऊन लांब कांडी ओढावयाची. तिचे तापलेले टोक साच्यात फिरवून गोल करावयाचे, आणि कात्रीने तोडावयाचे. जेथे काच तुटते, तेथे एक खरखरीत खूण राहते. संग्राहक तिला ‘पाँटिल’ म्हणतात. कांडीतून कापलेल्या गोटीच्या बहुधा दोन्ही टोकांस अशी खूण असते, आणि आतील रंगाचे दोर एका खुणेपासून दुसरीपर्यंत पीळ घेत जातात.

पुढे अमेरिकेत ॲक्रन येथे मार्टिन क्रिस्टेन्सेन ह्याने यंत्र सिद्ध केले. त्याचे पेटंट 1905 चे आहे. तापलेल्या काचेचा गोळा पन्हाळीसारख्या खाचा असलेल्या फिरत्या चाकांत पडतो, आणि गडगडत जात सर्व बाजूंनी सारखा गोल होतो. त्यामुळे यंत्राच्या गोटीस सहसा पाँटिलची खूण नसते. दोन्ही टोके तपासावीत, मग रंग पाहावा. हा क्रम उलटला की चूक झालीच.

आता नावांकडे वळू. ज्या गोटीत सोनेरी कण चमकतात तिला ‘लुट्झ’ म्हणतात. निकोलस लुट्झ हा अमेरिकेतील बॉस्टन अँड सँडविच कंपनीचा नामांकित काचकारागीर, आणि अशा सोनेरी काचेच्या कामासाठी प्रसिद्ध. परंतु ह्या गोट्या जर्मनीत घडलेल्या. त्या लुट्झने केल्याचा पुरावा नाही. शिवाय ते सोने नव्हे, काचेतील तांब्याचे बारीक स्फटिक होत. जिच्या पोटात पांढरी आकृती, एखादा पशू वा पक्षी असतो, ती ‘सल्फाइड’. पण त्या आकृतीचा गंधकाशी संबंध नाही, ती पांढऱ्या मातीसारख्या द्रव्याची असते. आणि ज्या काळ्याभोर गोटीवर रंगीत पट्टे असतात, तिचे नाव ‘इंडियन’. ही गोटीदेखील जर्मन कारागिराच्या हातची. हिंदुस्थानाशी तिचे नाते नावापुरतेच.

मग ही नावे टाकून द्यावीत काय? तसे मुळीच नाही. नावाने बोलणे सोपे होते. मात्र नाव हे साक्षीदार नव्हे. साक्ष देते ती खूण. म्हणूनच जुनी, ओरखडे पडलेली गोटी घासून चकचकीत करणे हा मोठा अपराध मानावयास हवा. विकणाऱ्यास तेज हवे असते. पण घासताना कात्रीची खूणही झिजते, आणि ती गोटी कोणत्या रीतीने घडली हे सांगणारा पुरावा नाहीसा होतो. नर्मदेच्या गोट्यालाही हाच न्याय लागू पडतो. नदी दगड गुळगुळीत करते, परंतु त्याला काटेकोर गोल आकार सहसा देत नाही. अगदी नितळ, मापात बसणारा गोल गोटा हाती आला, तर नदीइतकीच माणसाच्या हाताचीही आठवण ठेवावी.

आपल्या देशातील एका गोटीचा उल्लेख करून हे विवेचन संपविणे योग्य होईल. 1872 साली इंग्लंडमध्ये हायरम कॉड ह्याने सोड्याच्या बाटलीचे पेटंट घेतले. तिच्या गळ्यात काचेची गोटी असते; आतील वायूचा दाब तिला रबराच्या कड्यावर घट्ट बसवितो. हीच ‘गोटी सोड्याची’ बाटली. बाटली फुटली की मुले धावत ती गोटी घेण्यास, कारण ती त्यांना विकत घ्यावी लागत नसे. तिच्यात रंगाचा दोर नाही, सोनेरी कण नाहीत; काचेतील लोहामुळे आलेली हिरवट छटा तेवढी असते. जर्मन गोटीला ‘इंडियन’ नाव मिळाले, आणि येथील पिढ्यांनी खरोखर खेळलेली गोटी मात्र ‘सोड्याची’ एवढ्यावरच राहिली.

तेव्हा घरातील जुना पत्र्याचा डबा उघडाल, तर आतील गोट्या धुवा, पण घासू नका. प्रत्येकीचे माप, दोन्ही टोके, काचेचा रंग, आतील रचना, आणि ती कोठून, कोणाकडून आली हे चिठ्ठीवर टिपा. नाव सर्वांत शेवटी लिहा. नाव पुढे चुकीचे ठरले, तर कोणीही ते सुधारू शकेल. पुसली गेलेली खूण मात्र पुन्हा उमटविता येणार नाही.