डाव्या पायाचा हिशेब



आज मी तुमच्याशी एका चकतीविषयी बोलणार आहे. नाश्त्याच्या बशीएवढी ही चकती मोटारीचं इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसते. गाडीच्या मालकाला ती वर्षानुवर्षं दिसत नाही आणि दिसते तेव्हा खिशाला चाट बसलेली असते. तिला म्हणतात क्लच प्लेट.

मी कोल्हापुरात कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. दरवर्षी घर्षणाचं प्रकरण आलं की फळ्यावर उतार काढायचा, त्यावर ठोकळा ठेवायचा आणि मुलांना विचारायचं, हा ठोकळा घसरेल की नाही? वीस वर्षं हे शिकवलं. पण घर्षण म्हणजे काय हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते 2005 च्या मे महिन्यात, आंबोलीच्या घाटात.

त्याचं असं झालं. मला स्पोर्ट्स कारचं वेड. प्राध्यापकाच्या पगारात ते मासिकांतली चित्रं बघण्यापुरतंच होतं. मग 1998 साली आपल्या शेजारच्या गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची गाडी तयार होऊ लागली. दोनच आसनं, फायबरची हलकी बॉडी, छप्पर उघडायची सोय. इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचं, 1149 सीसीचं, सुमारे साठ अश्वशक्तीचं. आजच्या हिशेबाने ही ताकद काहीच नाही. पण ज्याने आयुष्यभर स्कूटर चालवली त्याला ते विमान होतं. नवी घेणं शक्य नव्हतं. सात वर्षांनी पणजीतली एक वापरलेली स्टॉर्म विकायला असल्याचं कळलं आणि मी भविष्यनिर्वाह निधीतून एक लाख ऐंशी हजार रुपये काढले. ते पैसे खरं म्हणजे घरावर एक खोली चढवण्यासाठी होते. आमची सौ. एकच वाक्य बोलली, "खोलीला छप्पर घालायचं सोडून अहो, तुम्ही बिनछपराची गाडी आणताय."

गाडी बघायला गेलो तेव्हा मालक फार अगत्याचे. चहा झाला, गाडीभोवती दोन फेऱ्या झाल्या. मग त्यांनी मिरामारच्या किनाऱ्याने मला चक्कर मारायला दिली. संध्याकाळची वेळ, समुद्राचा वारा, उघडं छप्पर. दहा मिनिटांत मी गाडीचा झालो. तो रस्ता सपाट आहे ही गोष्ट त्या वेळी माझ्या डोक्यात आली नाही. पणजीतच आल्तिनोची टेकडी आहे. तिथे गाडी चढवून बघितली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण हौसेच्या भरात माणसाला चढ आठवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं म्हापसा, बांदा, सावंतवाडी करत निघालो. दाणोलीपर्यंत सगळं छान. घाट सुरू झाला आणि पुढे एक भरलेला ट्रक आला. तो रांगत होता, मागे मी रांगत होतो. वळणावर थोडा थांबलो, थोडा पुढे गेलो, आणि हे सगळं ब्रेक न लावता. क्लच अर्धवट दाबायचा, ॲक्सिलरेटर थोडा द्यायचा, की गाडी चढावर जागच्या जागी तरंगते. स्कूटरवर लागलेली सवय. ट्रकला ओलांडायची संधी मिळाली तेव्हा मी पाय दाबला. इंजिन ओरडलं, पण गाडी पुढे जाईना. वेगाचा काटा उलट खाली येऊ लागला. पाठोपाठ वास आला. केस, रबर आणि जुनी पोती एकदम जळावीत तसा. ज्याने तो वास एकदा घेतला तो विसरत नाही.

गाडी थांबली. मागे उतार, पलीकडे दरी, दिवस कललेला. मी हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय रोवून बसलो आणि सौ.ने खाली उतरून चाकामागे दगड लावला. मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाने थांबून विचारपूस केली. म्हणाला, "तासभर थंड होऊ द्या. मग पहिला गिअर टाका, पाय हळू द्या आणि मध्ये थांबू नका." त्या तासात आम्ही दोघं एकमेकांशी काही बोललो नाही. अंधारात गाडी खरोखर चढली. घाटमाथ्यावर आल्यावर सौ. म्हणाली, "मागचा दगड आणायला हवा होता. घरात ठेवला असता."

आता त्या तासाभराचं गणित सांगतो. क्लच म्हणजे तीन वस्तू. इंजिनाला जोडलेलं जड फ्लायव्हील, त्यावर स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट, आणि दोहोंच्या मध्ये सँडविचसारखी धरलेली आपली चकती. चकतीच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर रिव्हेट मारून बसवलेलं असतं. पाय उचललेला असतो तेव्हा तिन्ही एकत्र फिरतात. तेव्हा चकती अजिबात झिजत नाही. पेडल पूर्ण दाबलं की चकती मोकळी होते. तेव्हाही झीज जवळपास नाहीच. झिजते ती मधल्या अवस्थेत, एक जण वेगाने आणि दुसरा हळू फिरत एकमेकांवर घासताना. म्हणजे क्लच वापराने झिजतो हे अर्धंच खरं. तो अर्धवट वापराने झिजतो.

घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. दहाला एक असा चढ, दोन माणसांसह गाडी, आणि ती नुसत्या अर्ध्या क्लचवर धरून ठेवली, तर चकतीवर अडीच-तीन किलोवॅट उष्णता तयार होते. आपल्या न्हाणीघरातला मोठा गिझर एवढाच असतो. पण गिझरमध्ये पाणी असतं, इथे एक बशी असते आणि तीही बंद डब्यात. अस्तर तापलं की त्याची पकड कमी होते. पकड कमी झाली की ते आणखी घसरतं, आणखी तापतं. ट्रकचालकाचा सल्ला किती शास्त्रशुद्ध होता ते तेव्हा कळलं. थंड झाल्यावर पकड थोडी परतली, आणि पहिल्या गिअरमध्ये तोच चढ चढायला क्लचवर कमी जोर येतो.

उद्यमनगरात माझ्या ओळखीचे एक मिस्त्री होते. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला आणि चकती माझ्या हातात ठेवली. अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालेलं, रिव्हेटची डोकी वर आलेली. मिस्त्री म्हणाले, "सर, प्लेट गेलीया. पर प्लेट आपसूक जात न्हाई. हितं कुणाचा तरी पाय हाय."

मी लगेच पणजीच्या मालकांना चार शब्द वाहिले. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी दोन मार्ग सांगितले. जुन्या चकतीवर नवं अस्तर चढवायचं, सहाशे रुपये आणि मजुरी. नाहीतर चकती, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण संच बदलायचा, आणि फ्लायव्हील लेथवर घासून साफ करायचं. हे इंजिन त्या वेळी आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्यांत नव्हतं, त्यामुळे संच कुठे मिळणार हाच प्रश्न. मी अर्थातच सहाशेवाला मार्ग धरला. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डाग होते, ते मिस्त्रींनी बोटाने दाखवले. मी म्हटलं, चालेल.

नाही चाललं. पहिल्या दिवसापासून गाडी निघताना थरथरू लागली, कारण नवं अस्तर जुन्या खडबडीत पृष्ठभागावर बसलं होतं. चार महिन्यांत पुन्हा तोच वास. या वेळी मिस्त्री म्हणाले, "सर, आदी माझ्या संगट एक चक्कर मारा." आम्ही रंकाळ्यापर्यंत गेलो. मी चालवत होतो, ते शेजारी बसून माझ्या पायांकडे बघत होते. परत आल्यावर म्हणाले, "तुमचा डावा पाय पेडलवरनं हालतच न्हाई. सिग्नलला बी न्हाई. पयल्या मालकाचं निम्मं, तुमचं निम्मं."

श्रोतेहो, वीस वर्षं घर्षण शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. सोनारानेच कान टोचावे लागतात म्हणतात ते खरं. चार महिने मी एका माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होतो आणि माझा स्वतःचा पाय त्याचंच काम पुढे चालवत होता. पेडलवर नुसता टेकवलेला पायसुद्धा स्प्रिंगचा जोर थोडा कमी करतो आणि रिलीज बेअरिंग विनाकारण फिरत ठेवतो. यात गाडीचा दोष काडीचाही नव्हता.

मग काम नीट करायचं ठरवलं. माझा एक माजी विद्यार्थी पुण्यातल्या नोकरीनिमित्त फ्रान्सला ये-जा करायचा. हेच इंजिन तिकडच्या ट्विंगो आणि क्लिओ या छोट्या गाड्यांत असे, त्यामुळे तिकडे संच मिळणं शक्य होतं. पण नुसत्या नावावर मागवायचा नाही हे मिस्त्रींनी बजावलं. चकतीचा व्यास आणि मधल्या दातांची संख्या, दोन्ही मोजून मी त्याला कळवलं. जाताना त्याने सौ.च्या हातचा चिवडा नेला आणि येताना क्लच आणला. फ्लायव्हील उद्यमनगरातच लेथवर घासून घेतलं. इंजिनाच्या मागचं ऑइल सील गळत नाही ना हेही पाहिलं, कारण नव्या चकतीवर तेलाचे थेंब पडले तर सगळा खर्च वाया. चकती बरोबर मध्यावर बसावी म्हणून मिस्त्रींनी लाकडाचा डमी शाफ्ट स्वतः कातून काढला. एक गोष्ट त्यांना मी सांगितली, तेवढीच. आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या अस्तरांमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात जाणं घातक. ते म्हणाले, "ह्ये मातर कुनी सांगितलं नव्हतं." त्या दिवशी आमची फिटंफाट झाली.

एकूण खर्च अकरा हजारांच्या घरात गेला. पहिल्यांदाच केला असता तर एकदाची मजुरी आणि ते सहाशे वाचले असते. नव्या क्लचला पहिले पाचशे किलोमीटर मी लाडाने वागवलं, जोराचं निघणं नाही, घाट नाही. आणि डावा पाय उचलून बाजूला ठेवायला शिकलो. चढावर थांबायचं तर हँडब्रेक, सिग्नलला थांबायचं तर न्यूट्रल. सवय लागायला सहा महिने लागले.

तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी घेणार असेल तर एवढं करा. गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवा, थंड क्लच आपलं गुपित सांगत नाही. मग चढाच्या रस्त्याला न्या. वरच्या गिअरमध्ये, मध्यम वेगात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग त्याच्याबरोबर वाढला नाही, तर क्लच घसरतोय असं समजा. पेडल सोडताना गाडी अगदी शेवटी, पाय पार वर आल्यावर हलत असेल, तरीही संशय घ्या. पेडल दाबल्यावर घरघर ऐकू आली तर बेअरिंग बघून घ्या. आणि विकणाऱ्याने चढावर जायला नको म्हटलं, तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

सात वर्षं ती गाडी मी मनसोक्त चालवली. 2012 साली विकायला काढली तेव्हा दुसरा क्लचही उतरणीला लागला होता. रोजच्या रस्त्यावर कळत नव्हतं, घाटात किंचित जाणवायचं. इचलकरंजीचा एक तरुण बघायला आला. डोळ्यांत तीच चमक, जी माझ्या डोळ्यांत मिरामारला होती. "काका, एक चक्कर मारू?" म्हणाला. रंकाळ्याचा रस्ता समोर होता, सपाट, सुंदर, वाऱ्याचा. खोटं सांगतो असं नाही, क्षणभर मला मोह झाला. खोलीचं काम अजून राहिलेलंच होतं आणि सौ. दारात उभी होती.

मी त्याला वाघबीळवरून पन्हाळ्याच्या चढाला नेलं. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबायला सांगितला. आवाज चढला, वेग अंमळ मागे राहिला. त्याला कळलं नाही. मी सांगितलं, हा क्लच आहे, वर्षभरात बदलावा लागेल. त्याने पंधरा हजार कमी केले आणि गाडी नेली. जाताना मी त्याला उद्यमनगरच्या मिस्त्रींचा पत्ता दिला.

उरलेल्या पैशांत खोली झाली, छपरासकट. तिच्या भिंतीवर खिळ्याला एक चकती टांगलेली आहे, गुळगुळीत झालेली, रिव्हेट वर आलेली. जुनी गाडी घ्यायला निघालेलं कुणी घरी आलं की मी ती काढून त्याच्या हातात देतो. आणि सौ. स्वयंपाकघरातून सांगते, "आधी त्यांना डावा पाय कुठे ठेवायचा ते विचारा."