सुरकुत्यांची लाज कशाला?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त महिला मंडळाच्या सभेत केलेले भाषण)

 

पत्रिका छापायला टाकायची म्हणून मंडळाच्या ताईंनी मला विचारले, “मॅडम, तुमचा विषय काय लिहू?” मी म्हटलं, “सुरकुत्या.” त्यांना वाटलं मी थट्टा करते. पण भगिनींनो, ही थट्टा नाही. आपण दर पौर्णिमेला ऐकतो की जन्म दुःख आहे, जरा दुःख आहे, व्याधी दुःख आहे, मरण दुःख आहे. जरा म्हणजे म्हातारपण. ते कुठून येतं? आधी आरशातून येतं. ज्या दिवशी ते आलं त्या दिवशी माझा धम्म मला आठवला नाही, हीच गोष्ट आज मला तुमच्यापुढे कबूल करायची आहे.

मी एकतीस वर्षे शाळेत खेळाची शिक्षिका होते. माझं आयुष्य वर्गात कमी आणि मैदानावर जास्त गेलं. गळ्यात शिट्टी, डोक्यावर ऊन. सुट्टीच्या दिवशीही मला घरात करमत नसे. आपल्या नाशिकचं त्रिरश्मी लेणं मी किती वेळा चढले याचा हिशेब नाही. निवृत्त झाल्यावरसुद्धा रविवारी सकाळी पाय आपोआप तिकडे वळतात. मला ऊन आवडतं, वारा आवडतो, मोकळं आकाश आवडतं. लोक म्हणायचे, “मॅडमना घरात कोंडलं तर आजारी पडतील.”

चार वर्षांपूर्वी एका लग्नात माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण भेटली. बँकेत नोकरी, पंख्याखाली बसून काम. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि चारचौघींत म्हणाली, “काय गं, किती म्हातारी दिसायला लागलीस! आजारी होतीस का?” मी हसून उत्तर दिलं, “नाही गं, मैदानावरची माणसं आम्ही.” पण घरी आल्यावर दिवा लावून आरशासमोर उभी राहिले. डोळ्यांच्या कडेला जाळी, ओठांवर उभ्या रेघा, गालावर वांगाचे डाग, मानेची कातडी सैल. आणि मला लाज वाटली. खरं सांगते, लाज वाटली.

मग मी काय केलं? ज्या बाईनं मुलांना आयुष्यभर सांगितलं की कोणतीही गोष्ट तपासून घ्या, बुद्धीला पटली तरच स्वीकारा, तिनं एका दुकानात जाऊन हळूच विचारलं, “चेहऱ्यासाठी काही आहे का?” दुकानदारानं एक ट्यूब दिली. ना डॉक्टरची चिठ्ठी, ना चौकशी. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. शेजारणी विचारू लागल्या. मी खूश! दोन-अडीच महिन्यांनी चेहरा लाल व्हायला लागला. उन्हात गेलं की आग आग व्हायची. लावणं थांबवलं तर आणखी भडकायचं, म्हणून मी पुन्हा लावायची.

याच काळात घरात दुसरी गोष्ट घडली. माझी नात तेव्हा आठवीत होती. ती आठशे मीटर धावते, चांगली धावते. एक दिवस ती सरावाला निघेना. सूनबाई म्हणाली, “आई, राहू द्या तिला. रोज उन्हात जाऊन काळी पडली. उद्या लग्नाच्या वेळी कोण विचारणार?” मी सुनेला समजवायला तोंड उघडलं, तोच नात म्हणाली, “आजी, तू पण रोज रात्री क्रीम लावतेस ना? मग मला कशाला ग्राउंडवर पाठवतेस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकतीस वर्षांचं माझं शिकवणं त्या एका ट्यूबनं पुसून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी ट्यूब पाहिली आणि म्हणाल्या, “यात स्टिरॉइड आहे. हे औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही. आमच्या देखरेखीशिवाय चेहऱ्यावर लावत राहिलात तर कातडी पातळ होते.” बरं व्हायला सात-आठ महिने गेले. पण त्या बाईंनी मला एक फार चांगली गोष्ट दाखवली. ती तुम्ही आत्ता, बसल्या जागी करून पाहा.

आपला हात पुढे करा. पोलक्याची बाही जिथं संपते त्याच्या खालची कातडी पाहा. आता बाही थोडी वर करून दंडाच्या आतली बाजू पाहा. आतली कातडी मऊ आणि एकसारखी आहे की नाही? दोन्हींचं वय तेच. दोन्ही एकाच दिवशी जन्माला आल्या. मग फरक कशाचा? उन्हाचा.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं. कातडीच्या आतल्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे धागे असतात. खाटेची सुंभाची वीण जशी खाट ताणून धरते, तसे ते कातडी ताणून धरतात. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यातले काही वरची कातडी भाजतात, काही खोल जाऊन हे धागे तोडतात. हे खोल जाणारे किरण ढगाळ दिवशीही येतात, खिडकीच्या काचेतूनही येतात. शिवाय बाईची पाळी बंद झाली की पुढच्या काही वर्षांत हे धागे आणखी वेगानं कमी होतात. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त असतं. ते नैसर्गिक छत्रीसारखं काम करतं, म्हणून आपल्याला सुरकुत्या तशा उशिरा पडतात. पण डाग आणि वांग मात्र लवकर येतात. म्हणजे ज्या काळेपणाला आपण नावं ठेवतो, तोच आपली राखण करत असतो!

आता धम्माकडे येते. आपल्या विहारातील मूर्तीकडे पाहा. तथागतांचा चेहरा कसा तेजस्वी, नितळ. आपण रोज हाच चेहरा पाहतो आणि विसरतो की तथागत ऐंशी वर्षे जगले. पंचेचाळीस वर्षे ते गावोगाव पायी फिरले, उन्हातान्हात फिरले. संयुत्त निकायात जरा सुत्त आहे. श्रावस्तीला विशाखेनं बांधलेल्या प्रासादात तथागत संध्याकाळच्या उन्हात पाठ शेकत बसले होते. आनंद त्यांचे अंग चोळून देत होते. चोळता चोळता आनंदांना आश्चर्य वाटले. ते म्हणाले की भगवंतांची कांती आता पहिल्यासारखी उजळ राहिली नाही, अंग सैल पडले आहे, सुरकुत्या आल्या आहेत, शरीर पुढे झुकले आहे.

तथागतांनी काय केलं? रागावले नाहीत, लपवलं नाही, आनंदांना गप्प बसवलं नाही. होय आनंदा, असंच असतं, तारुण्यातच जरा दडलेली असते, अशा अर्थाचं ते बोलले.

भगिनींनो, मी हे सुत्त पूर्वीही ऐकलं होतं. पण चेहऱ्याची आग होत असताना पुन्हा वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. ज्यांना आपण शरण जातो त्यांच्या अंगावर सुरकुत्या होत्या. त्यांना त्यांची लाज नव्हती. मग मी कोण मोठी लागून गेले?

आणि आपली आम्रपाली! वैशालीची, रूपासाठी सगळीकडे नाव झालेली स्त्री. पुढे ती भिक्खुणी झाली. थेरीगाथेत तिच्या गाथा आहेत. त्यात ती आपले केस, भुवया, डोळे, दात, मान, हात एकेक करून सांगते. आधी कसे होते आणि आता कसे झाले. ती रडत नाही, की तारुण्य परत मागत नाही. जे आहे ते जसं आहे तसं पाहते. यालाच आपण सम्यक दृष्टी म्हणतो.

पण याचा अर्थ शरीराची हेळसांड करायची असा नाही. सिद्धार्थानं सहा वर्षे देह झिजवून पाहिला, पोट पाठीला लागलं, आणि मग तो मार्ग सोडला. सुजातेची खीर घेतली. शरीराचे लाडही नकोत आणि छळही नको, हा मध्यम मार्ग. म्हणून मी आता काय करते ते सांगते.

ऊन मी सोडलं नाही. वेळ बदलली. साधारण दहा ते चारचं ऊन टाळते. घड्याळ नसेल तर सावली पाहा. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन कडक आहे असं समजा. बाहेर जाताना लांब बाह्यांचा सुती झगा किंवा ओढणी, रुंद काठाची टोपी किंवा साधी छत्री घेते. परवडत असेल तर एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त लिहिलेलं सनस्क्रीन लावा. घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावलं तरी कातडी मऊ राहते. सुरकुत्या पार पुसून टाकणारं क्रीम जगात नाही. डॉक्टर देतात त्या औषधानं थोडा फरक पडतो, पण ते त्यांनाच विचारून घ्या, आणि गरोदरपणी काहीही लावण्याआधी तर विचाराच. एखादा तीळ वाढू लागला, रंग बदलू लागला, किंवा चेहऱ्यावरची जखम महिनाभर भरली नाही तर अंगारा लावू नका, दवाखाना गाठा.

आता मूळ दुखण्यावर बोलते. माझी आई 1972 च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी नऊ वर्षांची, तिच्याबरोबर असायची. पुढे ती कांद्याच्या शेतात मजुरीला जाई. पन्नाशीतच तिचा चेहरा नांगरलेल्या वावरासारखा झाला होता. तिनं ऊन आवडीनं घेतलं नाही, ते पोटासाठी घेतलं. त्या मजुरीतून मी शिकले. म्हणून मला मैदान मिळालं, आणि ऊन ही माझी हौस झाली. तिच्यात आणि माझ्यात हा एवढा फरक पडला तो बाबासाहेबांमुळे. याच नाशिकात 1930 साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात आपल्या आज्या-पणज्या भर उन्हात उभ्या राहिल्या. त्या कुणी काळे पडू म्हणून घरात बसल्या नाहीत. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं की स्वच्छ राहा, नीटनेटक्या राहा, हीनपणाच्या खुणा अंगावरून टाकून द्या. गोऱ्या व्हा असं नाही सांगितलं! काळ्या रंगाला कमी लेखणं हीसुद्धा हीनपणाचीच खूण आहे. ती आपणच आपल्या मुलींच्या अंगावर पुन्हा का चढवतो आहोत?

आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत 2010 च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. तिच्या घरच्यांनी उन्हाला घाबरून तिला घरात ठेवलं असतं तर?

त्या वर्षी बरी झाल्यावर मी नातीला घेऊन त्रिरश्मीला गेले. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, तो तिला दाखवला. नातू पुळुमावीच्या राज्याच्या 19 व्या वर्षी तिनं ते लेणं भिक्खू संघाला दान दिलं. त्यात ती स्वतःची ओळख राजाची आई आणि राजाची आजी अशी करून देते. आजी म्हणवून घ्यायला तिला संकोच वाटला नाही, उलट तिनं ते दगडात कोरून ठेवलं! तिथं बसून मी नातीची माफी मागितली. म्हटलं, “बाळा, ट्यूब लावून मी तुला चुकीचं शिकवलं.” ती काही बोलली नाही. माझ्या गालावरून बोट फिरवून म्हणाली, “आजी, ही रेघ हसल्यावर जास्त दिसते.”

आता ती सकाळी सहाला सरावाला जाते. सूनबाई स्वतः तिच्या पिशवीत टोपी आणि पाण्याची बाटली ठेवते. अजूनही कुणी पाहुणी “काळी पडली गं पोरगी” म्हणाली की नात दोन दिवस गप्प असते. एका दिवसात काही बदलत नाही. पण ती धावायला जाते.

माझी मंडळाच्या भगिनींना एवढीच विनंती आहे. अंगुत्तर निकायात तथागतांनी सांगितलं आहे की जरा कुणालाच चुकलेली नाही, हे स्त्रीनं आणि पुरुषानं, गृहस्थानं आणि भिक्खूनं वारंवार मनात आणावं. ते आरशासमोर उभं राहून मनात आणा. म्हणजे आरसा आपला शत्रू राहणार नाही. आणि आपल्या घरातील मुलीला रंगावरून, वयस्क बाईला सुरकुत्यांवरून बोलणार नाही, एवढा संकल्प आज या विहारात करू या. वाणीचं शील ते हेच.

येत्या पौर्णिमेला सकाळी सहा वाजता मी विहाराच्या दारात उभी असेन. ज्यांना त्रिरश्मीला यायचं असेल त्यांनी या. छत्री आणा, पाणी आणा, आणि मुलींना बरोबर आणा. चेहरा कसा दिसतो याची काळजी घरी ठेवून या.

एवढे बोलून मी माझे भाषण संपवते. सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जय भीम!